भाषण साहेबांचं, चाल तुमची

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मला कळलं ते असं: दोन वर्षांपूर्वी नाशिकच्या सिडकोतल्या एका गणेश मंडळासाठी तुम्ही गाणं केलंत. शब्द मित्राचे, चाल तुमची, स्टुडिओचा खर्च मंडळाचा. आता तीच चाल, नवे शब्द आणि दुसरा गायक घेऊन एका नेत्याच्या प्रचाररिक्षांवर दिवसभर वाजते आहे. हेच नेते दीड महिन्यापूर्वी कलावंतांच्या मेळाव्यात म्हणाले होते की, कलाकाराच्या कष्टाचं मोल हा त्याचा मानवी हक्क आहे. तुम्ही फोन केलात तर कार्यकर्ता म्हणाला, "साहेबांमुळे तुझी चाल घराघरांत पोचली, आभार मान." हा ढोंगीपणा कोर्टात मांडता येईल का, असं तुम्ही विचारता. शिवाय तुमच्या मित्राचं म्हणणं असं की, मानवी हक्क मानणारा माणूस कॉपीराइट मानूच शकत नाही, तेव्हा साहेब मुळातच खोटं बोलत होते.

बावीस वर्षं नाशिक जिल्हा न्यायालयात ट्रेडमार्क, कॉपीराइट आणि थोडंफार भौगोलिक मानांकनाचं (एखाद्या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालाच्या नावावरचा हक्क) काम करतो आहे. त्यावरून सरळ सांगतो: ढोंगीपणा हे दाव्याचं कारण होत नाही. वादपत्रात 'दाव्यास कारण' म्हणून एक परिच्छेद लिहावा लागतो. तिथे तारीख लागते, जागा लागते, कृती लागते. 'प्रतिवादी बोलतो एक आणि करतो दुसरं' असं तिथे लिहिलंत तर न्यायाधीश मान वर न करता पान उलटतील. समोर मेळाव्यात भाषण न केलेला, तोंडातून अवाक्षर न काढणारा उमेदवार असता तरी तुमचा दावा तेवढाच भक्कम किंवा तेवढाच कच्चा असता.

तरी तुमचा राग बाजूला सारून चालणार नाही. आधी मित्राचं म्हणणं घेऊ, कारण तिथे घोळ आहे आणि तो बऱ्याच शिकल्या-सवरलेल्या लोकांचाही असतो.

संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये संमत झाला. आपल्याकडून हंसा मेहता त्या मसुद्यावर काम करत होत्या. पहिल्या कलमातलं 'सर्व पुरुष' जाऊन 'सर्व माणसं' आलं ते त्यांच्या आग्रहामुळे. त्याच जाहीरनाम्याचं २७ वं कलम काढून बघा. पहिला भाग म्हणतो, समाजाच्या सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा, कलांचा आस्वाद घेण्याचा आणि विज्ञानाच्या प्रगतीत वाटा मिळवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. दुसरा भाग म्हणतो, आपण निर्माण केलेल्या वैज्ञानिक, साहित्यिक किंवा कलात्मक कृतीतून येणाऱ्या नैतिक आणि आर्थिक हितांचं रक्षण होण्याचा हक्कही प्रत्येकाला आहे. गाणं ऐकणाऱ्याचा हक्क आणि गाणं करणाऱ्याचा हक्क एकाच कलमात शेजारी-शेजारी बसवलेत, भाऊबंदकीतल्या दोन भावांना एकाच वाड्यात ठेवावं तसे. भांडणं होणारच. पण एक भाऊ वाड्याचा नाहीच, हे म्हणणं खोटं आहे. म्हणजे मेळाव्यातलं साहेबांचं वाक्य बरोबर होतं. (एक बारकावा: २००५ साली संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समितीने स्पष्ट केलं की, माणसाचा हा हक्क आणि कंपन्यांच्या हातातलं पेटंट किंवा कॉपीराइट या एकच गोष्टी नव्हेत. माणसाचा हक्क माणसाबरोबर राहतो. पेटंट-कॉपीराइट विकता येतं, ठरावीक मुदतीने संपतं. साहेब कलाकाराबद्दल बोलत होते, तेव्हा त्यांना हा आक्षेप लागू नाही.)

वाक्य खरं आणि वागणं उलटं, अशी गाठ पडते तेव्हा मला फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी आठवतात. तुमची गोष्ट त्यांच्या गोष्टीशी इतकी जुळते की जरा विस्ताराने सांगतो.

२००७ च्या प्रचारात सार्कोझींनी परराष्ट्र धोरणात मानवी हक्क पुढे आणण्याचं वचन दिलं. निवडून आल्यावर मानवी हक्कांसाठी खास राज्यमंत्रिपद तयार केलं आणि रामा याद या तरुण मंत्री तिथे आल्या. त्याच वर्षी १० डिसेंबरला, मानवी हक्क दिनाच्याच दिवशी, लिबियाचे हुकूमशहा गद्दाफी पॅरिसमध्ये उतरले. सरकारी पाहुणेगृहाच्या बागेत त्यांचा तंबू ठोकला गेला, मोठमोठ्या करारांच्या घोषणा झाल्या. याद बाईंनी जाहीरपणे सुनावलं की, कुणीही नेत्याने, दहशतवादी असो वा नसो, येऊन आपल्या गुन्ह्यांचं रक्त पुसावं, असं पायपुसणं आमचा देश नाही. वर्षभराने परराष्ट्रमंत्री बर्नार कुशनेर म्हणाले, हे खातं मागणं ही माझी चूक झाली. जून २००९ मध्ये ते पदच गेलं आणि याद क्रीडा खात्यात गेल्या.

आता दुसरा धागा. सार्कोझी कॉपीराइटचे कडवे पुरस्कर्ते. इंटरनेटवरून फुकट गाणी-सिनेमे उतरवणाऱ्यांना वठणीवर आणण्यासाठी त्यांच्या सरकारने आदोपी नावाचा कायदा आणला. पहिल्यांदा सापडलात तर ईमेल, दुसऱ्यांदा नोंदणीकृत पत्र, तिसऱ्यांदा घरचं इंटरनेट दोन महिन्यांपासून वर्षभरापर्यंत बंद. तेही न्यायाधीशाने नाही, एका प्रशासकीय संस्थेने करायचं. विधेयकावर संसदेत चर्चा चालू असताना उघड झालं की, त्यांच्याच यूएमपी पक्षाने एमजीएमटी या अमेरिकी बँडचं गाणं परवानगीशिवाय पक्षाच्या अधिवेशनात वाजवलं आणि इंटरनेटवरच्या प्रचारफितींतही वापरलं. बँडने वकील दिला. पक्षाने चूक कबूल केली आणि भरपाई म्हणून एक युरो देऊ केला. एक! फ्रान्समध्ये प्रतीकात्मक भरपाईची तशी रीत आहे, पण ती सहसा ज्याच्यावर अन्याय झाला तो मागतो. ज्याने केला तो देऊ करत नाही. बँडने तो अपमान मानला. शेवटी सुमारे तीस हजार युरोंवर मिटलं.

तुमच्या त्या कार्यकर्त्याचं "आभार मान" आणि हा एक युरो, दोन्ही एकाच घराण्यातले आहेत.

पुढे काय झालं तेही बघा. १० जून २००९ रोजी फ्रान्सच्या घटना परिषदेने (कायदा घटनेत बसतो का ते तपासणारी संस्था) आदोपीचं मुख्य कलम उडवलं. आधार घेतला फ्रेंच राज्यक्रांतीतल्या १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा. अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात आज इंटरनेट वापरण्याचं स्वातंत्र्य येतं आणि ते न्यायाधीशाशिवाय काढून घेता येत नाही. शिवाय आरोपीनेच निर्दोषत्व सिद्ध करायचं, हे चालणार नाही. सरकारने न्यायाधीशाची तरतूद घालून कायदा परत आणला. मे २०११ मध्ये सार्कोझींनी पॅरिसमध्ये इंटरनेट कंपन्यांच्या धुरीणांना बोलावून 'सुसंस्कृत इंटरनेट'ची चर्चा घडवली. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांचे अभिव्यक्तिस्वातंत्र्यविषयक प्रतिनिधी फ्रँक ला रू यांच्या अहवालात फ्रान्स आणि ब्रिटनच्या अशा कायद्यांवर बोट ठेवलं गेलं. बौद्धिक संपदेच्या नावाखालीसुद्धा माणसाला इंटरनेटपासून तोडणं हे प्रमाणाबाहेरचं आहे, असं त्यात म्हटलं होतं. २०१३ मध्ये इंटरनेट तोडण्याची शिक्षा फ्रान्सने स्वतःच रद्द केली.

मला या सगळ्यात गाणं चोरलं हे मोठं वाटत नाही. प्रचारफिती करणारी पोरं घाईत असतात, नेत्याला बहुधा गाण्याचं नावही माहीत नसतं. मला खटकतो तो भाव. शेजारच्या पोराने गाणी उतरवली तर वर्षभर इंटरनेट बंद, आणि पक्षाने तेच केलं तर एक युरो. नियम आपल्यावर उलटला तेव्हा स्वतःसाठी काय दर लावला, एवढंच मी बघतो. बोलणं आणि वागणं यांत तफावत कुणाची नसते? माझीच सांगतो. वकिली सुरू केली तेव्हा ऑफिसातल्या पहिल्या कॉम्प्युटरवरचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर मित्राने सीडीवरून टाकून दिलेलं होतं. त्याच्यावर मी वर्षभर कॉपीराइटच्या नोटिसा टाइप केल्या. एका अशिलाने सहज विचारलं, "साहेब, हा फॉन्ट विकत घेतलाय ना?" दुसऱ्या दिवशी जाऊन घेतला. पण वर्षभर मी कोण होतो, हे मला ठाऊक आहे.

उलट्या बाजूचं उदाहरण अल गोर यांचं. ते अमेरिकेचे उपाध्यक्ष असताना दक्षिण आफ्रिकेने एड्सची औषधं स्वस्तात मिळवण्यासाठी कायदा केला होता, आणि पेटंटच्या नावाने त्या देशावर दबाव आणण्यात गोर पुढे होते. जून १९९९ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली त्याच सभेत एड्सच्या कार्यकर्त्यांनी त्यांच्या विरोधात घोषणा दिल्या. काही महिन्यांत अमेरिकेचा सूर मवाळ झाला आणि २००० च्या मे महिन्यात क्लिंटन यांनी आफ्रिकेपुरता तो दबाव थांबवणारा आदेश काढला. यात काय पणाला लागलं होतं ते बघा: फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीने एड्सवरच्या तिहेरी औषधाचा वर्षाचा कोर्स ३५० डॉलरना देऊ केला, तेव्हा मूळ कंपन्यांचे भाव दहा हजार डॉलरच्या घरात होते. म्हणजे 'ढोंगी' म्हणून ओरडण्याचा उपयोग होतोच, पण सभेत. कोर्टात नाही. आणि ओरडल्यावर जो बदलतो त्याला मी ढोंगी म्हणणार नाही, उशिरा का होईना त्याने किंमत दिली.

आपल्या देशाकडे बघायचं तर २ ऑक्टोबर २०२० आठवा. गांधी जयंतीच्या दिवशी भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेत प्रस्ताव ठेवला की, कोरोनाच्या काळापुरते लसी-औषधांवरचे पेटंट आणि इतर बौद्धिक संपदा हक्क स्थगित करा. मला अभिमान वाटला होता. मग मे २०२१ आला. नाशिकमध्ये रेमडेसिव्हिरसाठी लोक औषधांच्या दुकानांसमोर रात्र रात्र उभे होते ते दिवस. सर्वोच्च न्यायालयाने विचारलं होतं, आपल्या पेटंट कायद्यात सक्तीच्या परवान्याची, म्हणजे पेटंटवाल्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला औषध बनवू देण्याची, सोय आहे, ती का वापरत नाही? केंद्राने शपथपत्रात सांगितलं की, या टप्प्यावर ते उलट घातक ठरेल, मुत्सद्देगिरीच्या मार्गाने प्रयत्न चालू आहेत. जिनिव्हात एक, दिल्लीत दुसरं. पुष्कळांनी याला दुटप्पीपणा म्हटलं. मी अजून पक्कं म्हणू शकलेलो नाही. सक्तीचा परवाना दिला म्हणून कारखान्यातून दुसऱ्या दिवशी औषध बाहेर पडत नाही. पण हत्यार हातात असताना ते म्यानातच ठेवायचं आणि जगाला सांगायचं की, सगळ्यांचीच हत्यारं काढून घ्या, हे वकील म्हणून मला पटलं नाही. २०१२ मध्ये हेच हत्यार एकदा चाललं होतं. नाटको या भारतीय औषध कंपनीला सक्तीचा परवाना मिळाला आणि कर्करोगाच्या एका औषधाचा महिन्याचा खर्च दोन लाख ऐंशी हजारांवरून आठ हजार आठशेवर आला. मूळ कंपनीला ६ टक्के स्वामित्वधनही (रॉयल्टी) ठरलं. बुडवणूक नव्हती ती.

आणि नाशिक जिल्ह्यातला नमुना हवा असेल तर हळदीकुंकवाच्या राजकीय कार्यक्रमांना जा. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, येवल्याच्या विणकरांचा त्यावर हक्क आहे, आणि व्यासपीठावरून 'आपल्या येवल्याची शान' असं दहा वेळा म्हटलं जातं. बक्षिसाला मात्र बहुतेक वेळा यंत्रमागावरची सेमी पैठणी. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा केला तरी मोर जवळपास तसाच दिसतो. यंत्रावरच्या साडीला मागे धाग्यांचं जंजाळ असतं. येवल्यातले एक विणकर मला म्हणाले होते, "वकीलसाहेब, सत्काराची पैठणी उलटी करून बघायची नसते."

असो. आता तुमचं प्रकरण.

गाण्यात तीन वेगवेगळे हक्क असतात आणि ते तिघांचे असू शकतात. शब्द मित्राचे. प्रचारगीतात शब्द बदललेत, तेव्हा मित्राचा हक्क इथे फारसा उरत नाही. ध्वनिमुद्रण ज्याने पुढाकार घेऊन आणि जबाबदारी उचलून केलं त्याचं. तुमच्या बाबतीत ते मंडळाकडे जाण्याची शक्यता आहे. पण रिक्षावर नवं मुद्रण वाजतंय, त्यामुळे मंडळही बाजूला. उरते चाल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृती म्हणजे शब्दांशिवायचं संगीत, आणि त्याचे कर्ते तुम्ही. नोटेशन लिहून ठेवलेलं नाही याची काळजी तुम्ही पत्रात व्यक्त केलीत, ती सोडा. १९९४ च्या दुरुस्तीनंतर त्याची गरज राहिली नाही. नोंदणीही सक्तीची नाही. असती तर पुराव्याला बरं पडलं असतं इतकंच.

मंडळाने पैसे दिले म्हणून चाल मंडळाची झाली, असं कार्यकर्ते सांगतील. तुम्ही मंडळाचे नोकर नव्हतात. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी आणि सहीनिशी लागतो. म्हणून मला सगळ्यात आधी हवी आहे ती तुम्ही सही केलेली पावती किंवा पत्र. अशा पावत्यांवर मंडळाचे खजिनदार कुठूनतरी उतरवलेलं 'सर्व हक्क मंडळाकडे' असं एक वाक्य टाकतात. तसं असेल तर गोष्ट बदलते. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, म्हणजे आजच्या घडीला दावा करण्याचा हक्क मंडळाचा ठरू शकेल, आणि मंडळाचा अध्यक्ष सध्या कुणाच्या रिक्षेत बसतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

तसं निघालं तरी कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ उरतंच. हक्क विकला तरी कर्त्याचं नाव आणि कर्त्याची अब्रू विकली जात नाही. कृतीची मोडतोड करून कर्त्याच्या प्रतिष्ठेला धक्का लावला तर तो दाद मागू शकतो. याचा आधार म्हणजे शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचा खटला. दिल्लीच्या विज्ञान भवनात त्यांचं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प होतं. १९७९ मध्ये सरकारने ते काढून गोदामात टाकलं. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं, पैसे चुकते झालेले होते. तरी २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते शिल्पकाराला परत द्यायला लावलं आणि पाच लाखांची भरपाई दिली. कलेच्या वारशाचे गोडवे गाणारं सरकार आणि गोदामातले तुकडे, हा विरोधाभास तिथेही होताच. पण खटला जिंकला तो तुकड्यांच्या पुराव्यावर.

समोरून दोन बचाव हमखास येतील. "तीस सेकंदांपर्यंत चालतं" हा पहिला. असा नियम कायद्यात कुठेच नाही. दुसरा, "सार्वजनिक कार्यक्रम होता." धार्मिक विधी, लग्नाची वरात, सरकारी समारंभ यांना सूट आहे. प्रचाररिक्षा यांपैकी काहीच नाही, कितीही वाजत-गाजत निघाली तरी.

दावा नाशिकलाच लावता येतो. कॉपीराइटच्या बाबतीत वादी राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात जाता येतं. तातडीचा मनाई हुकूम मागणार असाल तर आधी मध्यस्थीची पायरी लागत नाही. नुसती भरपाई मागायची असेल तर बहुधा लागेल. फौजदारीचा मार्ग आहे, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय कारवाई करू शकतील असा, ठरवला आहे. तरी ऐन निवडणुकीत पोलीस स्टेशनला जाऊ नका. संध्याकाळपर्यंत तुमची तक्रार विरोधी उमेदवाराच्या भाषणात असेल, आणि मग तुमची चाल दोन्ही बाजूंची होईल.

फेसबुकवर लिहायचा मोह होतोय, तेही पत्रात दिसलं. 'साहेब ढोंगी आहेत' हे मत झालं. 'साहेब चोर आहेत' हा आरोप झाला, आणि बदनामीचा खटला त्यावर उभा राहतो. गाणं कुणी करून घेतलं, पक्षाने, एजन्सीने की एखाद्या उत्साही कार्यकर्त्याने, हे अजून आपल्याला माहीत नाही. नोटीस चौघांना जाईल: उमेदवार, पक्षाचं कार्यालय, गाणं मुद्रित करणारा स्टुडिओ आणि रिक्षा पुरवणारा. माझा अनुभव असा की, सगळ्यात आधी फोन स्टुडिओवाल्याचा येतो आणि त्याच्याकडेच बिल कुणाच्या नावे फाडलं ते सापडतं.

नोटिशीत मेळाव्यातल्या त्या भाषणाचं एक वाक्य मी घालणार आहे. दाव्यासाठी नाही. तडजोडीला बसताना समोरच्या वकिलाच्या टेबलावर ते असावं म्हणून. रक्कम किती मागायची ते बसून ठरवू. 'आभार' आणि 'सत्कार' हे दोन्ही प्रस्ताव येतील, शाल आणली तर घेऊ नका.

रिक्षा वाजताना शूटिंग करा, रस्त्याची ओळखीची पाटी आणि रिक्षावरचा फलक फ्रेममध्ये येऊ द्या. मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू दे, व्हॉट्सॲपवरून मला पाठवू नका. तिथे फाइल दाबली जाते आणि डिजिटल पुराव्याचं प्रमाणपत्र देताना हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला ओळख-आकडा, जुळवायची पंचाईत होते. ज्या लॅपटॉपवर चाल पहिल्यांदा बांधली तो घेऊन या, आणि मंडळाची ती पावती. पावती सापडत नसेल तर खजिनदाराकडे आत्ताच मागू नका, आधी मला भेटा.